वादळी ढगात बाहेरची हवा किती शिरते? उपग्रहाच्या नोंदींवरून दर काढण्याची पद्धत, पायरी पायरीने

ज्यांनी हे गणित केलेलं असतं, त्यांच्या फायली बघताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: समीकरण बरोबर, प्रोग्रॅम बरोबर आणि उत्तर मात्र भलतंच. कुणाचा दर ऋण येतो, कुणाचा तासाभराच्या फरकाने दुप्पट होतो. दोष गणितात नसतो. गणिताच्या आधीच्या पायऱ्या गाळलेल्या असतात, नाहीतर उलट्या क्रमाने केलेल्या असतात.

आधी एक गोष्ट पक्की करू. ढगात बाहेरची कोरडी हवा ओढली जाते, त्याला एंट्रेनमेंट म्हणतात. मी इथे सरळ ‘शिरकाव’ म्हणतो. हा शिरकाव उपग्रहाला दिसत नाही, कोणत्याच उपग्रहाला. आपल्याला दिसते ती तूट. तळाशी हवा जितकी ऊर्जा घेऊन निघाली, तितकी माथ्याशी पोचली नाही. मधल्या वाटेवर कमी ऊर्जेची हवा मिसळली म्हणून ती घटली, असं आपण मानतो आणि घटीवरून दर काढतो. म्हणजे सगळा हिशेब दोन मोठ्या आकड्यांच्या छोट्या वजाबाकीवर उभा आहे. ही बाब डोक्यात राहिली की पुढच्या पायऱ्यांत इतका काथ्याकूट का, हे आपोआप कळेल.

## तयारी: बसण्याआधी काय हाताशी हवं

चार गोष्टी लागतात.

पहिली म्हणजे ढगाचा उभा छेद. त्यासाठी क्लाउडसॅट उपग्रहाचं ९४ गिगाहर्ट्झचं रडार. २००६ च्या एप्रिलमध्ये ते सोडलं आणि २०२३ च्या अखेरीस बंद झालं. दर २४० मीटरला एक नोंद मिळते (तिला पुढे ‘खण’ म्हणू), पण खरी उभी विभेदनक्षमता त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ४८० मीटर आहे. नव्या काळासाठी २०२४ च्या मे महिन्यात सोडलेला अर्थकेअर. त्याच्या रडारला डॉप्लरची, म्हणजे कणांचा वेग मोजण्याची, सोय आहे.

दुसरी, माथ्याचं तापमान. अ‍ॅक्वा उपग्रहावरच्या मोडिस या उपकरणाचा ११ मायक्रोमीटरचा अवरक्त पट्टा, एका पिक्सेलची बाजू १ किलोमीटर. क्लाउडसॅट अ‍ॅक्वाच्या मागोमाग एक-दोन मिनिटांत जात असे, त्यामुळे दोघांनी जवळपास एकच ढग एकाच अवस्थेत पाहिलेला असतो. या पद्धतीचा जीव त्या एक-दोन मिनिटांत आहे. मात्र २०१८ च्या फेब्रुवारीत क्लाउडसॅट त्या रांगेतून खाली उतरला. त्यानंतरच्या नोंदी आंधळेपणाने मोडिसशी जोडू नका.

तिसरी, माथ्याच्या वरच्या थराची घनता सांगणारा लायडार, म्हणजे लेसरचं रडार. जुन्या काळासाठी कॅलिप्सो उपग्रहावरचा (तो २०२३ मध्ये बंद झाला) चालेल, अर्थकेअरवर स्वतःचा आहे.

चौथी, भोवतालच्या हवेचं तापमान आणि आर्द्रता. क्लाउडसॅटच्या संचात युरोपीय हवामान केंद्राच्या मॉडेलमधून घेतलेली, रडारच्या प्रत्येक खणाला जुळवलेली फाइल मिळते. नाहीतर त्याच केंद्राचा इआरए-५ हा हवामान-संच घ्या: तासागणिक, पाव अंशाच्या जाळीवर.

याशिवाय भूस्थिर उपग्रहाची चित्रमालिका हवी. गोज, हिमावारी, मेटिओसॅट, इन्सॅट यांपैकी त्या भागावर जो असेल तो. लोक हिला वरकड समजून सोडतात. सोडू नका, दुसऱ्या पायरीत लागेल.

तपासा: क्लाउडसॅटच्या फायलीत पहिला खण सर्वांत वरचा असतो आणि १२५ वा तळाचा. इआरए-५ चे दाबथरही बऱ्याचदा वरून खाली येतात, पण तुमच्या फाइलमध्ये काय आहे ते उघडून बघा. एक स्तंभ काढून पहिला आणि शेवटचा आकडा छापा. उलटा स्तंभ घेऊन पूर्ण वर्षाचं गणित चालवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांतला एक मीच.

## पायरी १: ढग निवडा, निर्दयपणे

रडारच्या छेदात दिसणारा प्रत्येक उंच ढग कामाचा नाही. ऐरणीसारखा पसरलेला माथा, म्हणजे अ‍ॅन्व्हिल, कितीही उंच आणि थंड असला तरी त्याच्या खाली आत्ता चढणारा झोत नसतो. त्याला गणितात घेतलं तर ज्या वाटेने हवा आलीच नाही, त्या वाटेवरचा शिरकाव मोजला जाईल.

चाळणी अशी लावा:

१. रडारचा प्रतिध्वनी जमिनीजवळच्या २ किलोमीटरपासून माथ्यापर्यंत अखंड असला पाहिजे. मधे एक जरी रिकामा खण आला तरी तो स्तंभ बाद.

२. क्लाउडसॅटच्या ढगखुणेचा आकडा ३० किंवा ४० असेल तेच खण ढग म्हणून धरा. २० ची खूण दुबळी असते.

३. खोल ढगासाठी १० डीबीझेडचा (डीबीझेड हे प्रतिध्वनीच्या जोराचं एकक) प्रतिध्वनी १० किलोमीटरच्या वर गेलेला असावा आणि तो ढगमाथ्यापासून फार तर २ किलोमीटर खाली असावा. जड कण माथ्याजवळ टिकले आहेत, याचा अर्थ त्यांना वर धरून ठेवणारा झोत अजून जिवंत आहे.

४. मध्यम उंचीच्या काँजेस्टस ढगांसाठी, ज्यांचा माथा साधारण ५ ते ९ किलोमीटरवर असतो, तिसरी अट लागू होत नाही. तिथे वर दुसरा पातळ ढग नाही ना, एवढं लायडारवरून बघा. रडारला न दिसणारा विरळ सिरस वरून गेला की खालच्या माथ्याचं तापमान फुकट थंड दिसतं.

सावधान: जमिनीपासून पहिल्या किलोमीटरभरात रडारला जमिनीचाच प्रतिध्वनी येतो आणि जोरदार पावसात किरण वाटेतच क्षीण होतो. म्हणून ढगतळ रडारवरून ठरवायचा नाही. तो सहाव्या पायरीत येईल.

चाळणीनंतर शंभरातले पाच ढग उरले तरी घाबरू नका. माझ्याकडे बहुतेक वेळा इतकेच उरतात.

## पायरी २: ढग चढतोय की मावळतोय

रडारचा छेद म्हणजे एका क्षणाचं छायाचित्र. त्यावरून ढगाचं वय कळत नाही. इथे भूस्थिर चित्रमालिका काढा. छेदाच्या आधीच्या दोन-तीन चित्रांत त्याच ढगाचं सर्वांत थंड टोक शोधा. टोक चित्रागणिक थंड होत असेल तर ढग चढतोय. तापमान थांबलं असेल तर माथा आपल्या शेवटच्या उंचीला टेकलाय. टोक उबदार होऊ लागलं असेल, तर तो ढग सोडून द्या. मावळत्या माथ्याची ऊर्जा मिसळण्याखेरीज इतर कारणांनीही बदललेली असते.

चढता आणि टेकलेला हे दोन्ही गट ठेवा, पण वेगवेगळे ठेवा. चढत्या काँजेस्टसला तुम्ही योगायोगाने ७ किलोमीटरवर गाठलेलं असतं. तो अर्ध्या तासात १४ वर जाऊ शकतो. ‘या ढगात शिरकाव जास्त झाला म्हणून तो ७ वर अडला’ हे वाक्य फक्त टेकलेल्या गटाबद्दल लिहिता येतं.

सावधान: भूस्थिर उपग्रह तिरका बघतो, त्यामुळे उंच माथा जमिनीवर सरकलेला दिसतो. ४५ अंशांतून बघताना १५ किलोमीटर उंचीचा माथा १५ किलोमीटर सरकतो. ही दुरुस्ती न करता रडारच्या रेषेशी जुळवलंत तर शेजारचाच ढग हाती लागेल.

अर्थकेअर वापरत असाल तर डॉप्लरचा वेग मदतीला येतो, पण तो वेग कणांचा असतो, हवेचा नव्हे. कण स्वतः खाली पडत असतात, तो वेग वजा करावा लागतो. शिवाय सुमारे ५ ते ६ मीटर प्रति सेकंदाच्या पुढे वेग उलटा दुमडून दिसतो, त्यामुळे जोरदार झोताच्या मध्यभागी अचानक उलट चिन्ह दिसलं तर दचकू नका.

## पायरी ३: माथ्याची उंची

ही पायरी छोटी आहे. अखंड स्तंभातला सर्वांत वरचा खण, समुद्रसपाटीपासून. लायडार उपलब्ध असेल तर दोघांपैकी वरचा माथा ‘भौतिक माथा’ म्हणून नोंदवा आणि रडारचा वेगळा ठेवा. दोन्हींत १ किलोमीटरहून जास्त फरक असेल तर वर विरळ थर आहे. तो ढग बाजूला काढा.

भौमितिक उंची की भूविभव उंची, यावर काही जण तास घालवतात. १५ किलोमीटरवरही त्यांच्यातला फरक काही दशक मीटरचाच असतो. वेळ पुढच्या पायरीसाठी राखा.

## पायरी ४: माथ्याचं तापमान (घोटाळा इथेच होतो)

अवरक्त पट्ट्यातून मिळणारं तापमान हे ढगाच्या वरच्या कातडीचं नसतं. किरण ढगात थोडे आतपर्यंत शिरून आलेले असतात. वरून मोजत प्रकाशीय जाडी (ढग किरणांना किती अडवतो त्याचं माप) साधारण १ भरेल तिथलं तापमान उपग्रहाला मिळतं. रडारची उंची मात्र कातडीची असते. उंची एका जागेची आणि तापमान दुसऱ्या जागेचं, अशी ही विजोड जोडी.

पहिल्या खेपेला मी ती तशीच जोडली. माझ्या खोल ढगांपैकी बऱ्याच ढगांचा दर ऋण आला. म्हणजे वर जाताना ढगाची ऊर्जा वाढली होती! दोन दिवस मी प्रोग्रॅममधला वजा-अधिक शोधत बसलो. प्रोग्रॅम निर्दोष होता. माथा १४ किलोमीटरवर आणि तापमान त्याच्या अर्धा किलोमीटर खालचं, म्हणून जास्त उबदार. उबदार तापमान वरच्या उंचीवर बसवलं की ऊर्जा फुकटात वाढते.

दुरुस्ती दोन प्रकारे करता येते: तापमान वर नेऊन थंड करायचं, किंवा उंची खाली आणायची. मी दुसरी वाट घेतो. मोजलेलं तापमान तसंच ठेवावं आणि ते ज्या उंचीचं आहे ती उंची शोधावी. पहिल्या वाटेत ढगातला तापमान-उतार गृहीत धरावा लागतो, म्हणजे आणखी एक अंदाज घुसतो.

क्रम असा:

१. लायडारमधून माथ्याजवळच्या थराचा क्षीणन गुणांक, म्हणजे दर किलोमीटरला भरणारी प्रकाशीय जाडी, घ्या.

२. बर्फकणांसाठी तो अर्धा करा. अवरक्तात शोषणाची प्रकाशीय जाडी दृश्य प्रकाशातल्या जाडीच्या साधारण निम्मी असते.

३. वरून बेरीज करत जा. १ भरलं ती उंची.

उदाहरणार्थ, लायडारने दर किलोमीटरला ४ इतकं क्षीणन दाखवलं. अवरक्तासाठी २. म्हणजे अर्ध्या किलोमीटरवर १ भरतं. माथा १४ किलोमीटरवर असेल तर मोजलेलं तापमान १३.५ चं समजा. अर्धा किलोमीटर म्हणजे ऊर्जेत जवळजवळ ५ किलोज्यूल प्रति किलो. ऋण दर कुठून आले होते, ते इथे स्वच्छ दिसतं.

काँजेस्टसच्या माथ्याशी पाण्याचे दाट थेंब असतात. तिथे हे अंतर काही दशक मीटरचं असतं. तो ढग बिनदुरुस्तीचा घेतला तरी चालतो. म्हणूनच नवख्याने सुरुवात काँजेस्टसपासून करावी, असं मी म्हणेन.

तपासा, पिक्सेल भरलेला आहे का: लहान ढग पिक्सेलचा काहीच भाग व्यापत असेल तर खालची उबदार जमीन किंवा समुद्र तापमानात मिसळतो. ३ गुणिले ३ पिक्सेल घ्या. त्यांत तापमान दोनेक अंशांहून जास्त पसरलं असेल तर ढग बाद. चार किलोमीटरच्या पिक्सेलवर तर काँजेस्टसचं हे गणित करूच नका.

तपासा, माथा समतापमंडलात घुसलाय का: ६.७ मायक्रोमीटरच्या बाष्प-पट्ट्याचं तापमान ११ मायक्रोमीटरपेक्षा जास्त आलं, तर माथा समतापमंडलात घुसलेला असण्याची शक्यता मोठी. असे उसळलेले माथे या पद्धतीत बसत नाहीत. तिथली बाहेरची हवा उबदार आणि जास्त ऊर्जेची असते, सगळा हिशेब फिरतो.

## पायरी ५: भोवतालची हवा, ढगाच्या पोटातली नव्हे

मॉडेलच्या जाळीत ढगाच्याच बिंदूवरचा स्तंभ उचलणं सोपं असतं, म्हणून सगळे तेच करतात. पण मॉडेलने त्याच वेळी तिथे पाऊस पाडलेला असू शकतो. मग तो स्तंभ भोवतालचा न राहता ढगाचाच झाला. बाहेरची हवा जास्त दमट दिसते आणि दर उगाच मोठा निघतो. मिसळणारी हवाच कमी कोरडी असेल, तर तेवढीच तूट भरायला जास्त हवा लागते.

मी ढगाच्या एक-दोन तास आधीचा स्तंभ घेतो, तोही ५० ते १०० किलोमीटर बाजूचे चार-सहा बिंदू घेऊन त्यांचा मध्यक. बिंदू निवडताना भूस्थिर चित्रात ते ढगाळलेले नाहीत ना, बघतो.

## पायरी ६: तळाची हवा

ढग ज्या हवेवर वाढला, ती हवा वादळ सुरू झाल्यावर जागेवर राहत नाही. पावसासोबत खाली आलेली थंड हवा जमिनीवर पसरते. तिचा स्तंभ घेतलात तर सुरुवातीची ऊर्जाच कमी धरली जाईल आणि शिरकाव कमी निघेल. इथेही आधीच्या तासाची, ढगाकडे वाहत जाणारी हवा घ्या. खालच्या ५०० मीटरची सरासरी मला सर्वांत समाधानकारक वाटते. नुसती २ मीटरवरची नोंद फार चंचल असते.

ढगतळाची उंची तापमान आणि दवबिंदूच्या फरकावरून: दर अंशाला साधारण १२५ मीटर. हवा २७ अंश आणि दवबिंदू २३.५ अंश असेल तर तळ ४०० मीटरच्या आसपास.

## पायरी ७: आता गणित

इथवर आलात तर गणित अर्ध्या तासाचं आहे.

जी राशी जपली जाते तिला मॉइस्ट स्टॅटिक एनर्जी म्हणतात. पुढे एमएसई. किलोज्यूल प्रति किलोमध्ये ती अशी काढा:

एमएसई = १.००५ × तापमान (केल्व्हिन) + ९.८१ × उंची (किलोमीटर) + २.५ × बाष्प (ग्रॅम प्रति किलो)

हवा चढते तशी थंड होते, बाष्पाचं पाणी होतं, पण बर्फ बाजूला ठेवून पाण्यापुरता विचार केला तर ही बेरीज बदलत नाही. ती बदलते फक्त बाहेरची हवा मिसळली की. बाहेरच्या हवेसाठी तिचं खरं बाष्प घ्या, ढगाच्या माथ्यासाठी त्या तापमानाचं संपृक्त बाष्प.

मग तळापासून २०० मीटरच्या पावलांनी वर जा. प्रत्येक पावलाला:

नवी ढग-एमएसई = जुनी − लॅम्डा × पाऊल × (जुनी − त्या थरातली बाहेरची एमएसई)

लॅम्डा म्हणजे शिरकावाचा दर, प्रति किलोमीटर. शून्यापासून सुरू करा, १ पर्यंत जागा ठेवा आणि मधोमध कापत कापत असा लॅम्डा शोधा की माथ्याशी पोचलेली एमएसई निरीक्षणातल्या एमएसईशी जुळेल.

एक हिशेब हाताने करून बघू. तळाशी ३०० केल्व्हिन, बाष्प १८ ग्रॅम. एमएसई = ३०१.५ + ४५ = ३४६.५. काँजेस्टसचा माथा ७ किलोमीटरवर, तापमान २६२ केल्व्हिन, दाब ४३० हेक्टोपास्कल. संपृक्त बाष्प सुमारे ३.८ ग्रॅम. एमएसई = २६३.३ + ६८.७ + ९.५ = ३४१.५. बाहेरच्या हवेची सरासरी, सोयीसाठी, ३३३ धरू. तळाशी बाहेरच्यापेक्षा १३.५ जास्त होतं, माथ्याशी ८.५ उरलं. म्हणजे ६३ टक्के. ४०० मीटरपासून ७ किलोमीटरपर्यंतच्या ६.६ किलोमीटरमध्ये ही घट व्हायला लॅम्डा सुमारे ०.०७ हवा. दर किलोमीटरला ७ टक्के.

सावधान, बर्फ की पाणी: उणे ११ अंशांला संपृक्त बाष्प पाण्यावरचं घ्यायचं की बर्फावरचं? या एका निवडीने एमएसईत जवळपास १ किलोज्यूलचा फरक पडतो. माथा अजून द्रवरूप असेल तर पाण्यावरचं, उणे ३८ च्या खाली बर्फावरचं, मधे दोन्ही करून बघा. खोल ढगांत गोठणाची ऊष्माही धरावी लागते: माथ्याशी टिकलेल्या दर ग्रॅम बर्फामागे एमएसईतून ०.३३ किलोज्यूल वजा. किती बर्फ टिकलं हे नेमकं ठरवता येत नाही, म्हणून शून्य ते ३ ग्रॅम असा पल्ला चालवा. हे गाळलं की दर कमी निघतो.

उत्तर आलंच नाही तर: माथ्याची एमएसई तळाच्यापेक्षा जास्त असेल, तर कोणताच लॅम्डा जुळणार नाही. अशा ढगाला गुपचूप शून्य देऊ नका. तो ‘उत्तर नाही’ म्हणून मोजा आणि चौथ्या-सहाव्या पायरीकडे परत जा. असे ढग दहा टक्क्यांहून जास्त निघाले तर बहुधा माथ्याचं तापमान नीट दुरुस्त झालेलं नाही.

## पायरी ८: उत्तराला हलवून बघा

आता वरचंच उदाहरण घ्या आणि एकेक आकडा जरासा ढकला.

तापमान २ अंशांनी थंड केलं, २६० केल्व्हिन. दर ७ वरून १५ टक्क्यांवर गेला.

माथा रडारच्या एकाच खणाने, २४० मीटरने, वर नेला. दर ३ टक्के. एक खण खाली आणला, तर सुमारे १३.

तळाचं बाष्प १८ ऐवजी १७ ग्रॅम धरलं. दर ४ टक्के.

म्हणजे मोजण्याच्या नेहमीच्या चुकांच्या आतच उत्तर ३ ते १५ मध्ये कुठेही झुलतं. एका ढगाचा दर दशांशानंतर दोन अंकांपर्यंत छापणाऱ्याने हा उद्योग स्वतः एकदा करावा. एका ढगाच्या दराला अर्थ जवळजवळ नाहीच. अर्थ आहे तो शेकडो ढगांच्या वितरणाला, तेही चुका एकाच बाजूला झुकलेल्या नसतील तर. म्हणूनच चौथ्या पायरीत इतका वेळ घालवला. यादृच्छिक चूक सरासरीत विरते, एकाच दिशेची चूक विरत नाही.

प्रत्येक ढगासाठी हे करा: तापमान १ अंश, उंची २४० मीटर, तळाचं बाष्प अर्धा ग्रॅम, यांना यादृच्छिक धक्के देत गणित हजारदा चालवा. मध्यक आणि मधला निम्मा पल्ला लिहा. पल्ला मध्यकापेक्षा मोठा असेल तर ढग यादीत ठेवा, पण त्याच्याबद्दल एकट्याने वाक्य लिहू नका.

## पायरी ९: गट पाडा आणि मगच बोला

ढगांचे गट माथ्याच्या उंचीनुसार पाडा आणि प्रत्येक गटात निदान काही डझन ढग असू द्या. रुंदीनुसारही पाडावेसे वाटतील. रुंद झोताचा गाभा बाहेरच्या हवेपासून जास्त सुरक्षित असतो. प्रयोगशाळेतल्या झोतांवरून आलेला जुना ठोकताळा सांगतो की दर साधारण ०.२ भागिले त्रिज्या. २ किलोमीटर त्रिज्येला १० टक्के प्रति किलोमीटर. तुमचे आकडे याच्या आसपास फिरताहेत का, एवढ्यापुरताच तो वापरा. रडारची रेषा ढगाच्या मध्यातून गेलीच असेल असं नाही, बहुतेकदा कडेनेच कापते. छेदातली रुंदी म्हणजे एखादी जीवा, व्यास नव्हे. ती खऱ्या रुंदीहून कमीच असणार.

अर्थ लावताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

एक, हा दर बाजूने शिरलेल्या आणि माथ्यातून शिरलेल्या हवेत भेद करत नाही. ढगातून बाहेर पडलेली हवा तर यात दिसतच नाही, कारण ती आतल्या हवेची एमएसई बदलत नाही, फक्त वस्तुमान कमी करते. तेव्हा ‘मिश्रण’ असा सरसकट शब्द वापरून बाहेर पडण्याचाही दर मिळाला, असं भासवू नका.

दोन, खोल ढगांसाठी एकच लॅम्डा संपूर्ण उंचीला लावलेला असतो, पण तो ठरतो मुख्यतः मधल्या थरांवर. बाहेरच्या हवेची एमएसई उष्ण कटिबंधात ५ किलोमीटरच्या आसपास सर्वांत कमी असते आणि वर पुन्हा वाढत जाते. १२-१३ किलोमीटरवर बाहेरची आणि आतली हवा ऊर्जेने जवळ आलेली असते, तिथे कितीही मिसळलं तरी तूट फारशी पडत नाही. वरच्या थरातल्या शिरकावाबद्दल ही पद्धत जवळजवळ मुकी आहे.

तीन, वेळ. अ‍ॅक्वाची कक्षा विषुववृत्त स्थानिक वेळेनुसार दुपारी दीड आणि रात्री दीडला ओलांडायची. २०११ च्या एप्रिलमध्ये बॅटरी बिघडल्यानंतर क्लाउडसॅट फक्त दिवसाउजेडी चालला. जमिनीवरची बरीच वादळं दुपारी उशिरा ऐन भरात येतात, ती या जाळ्यात सापडतच नाहीत. दिवसाच्या वेळेवर काही लिहायचं असेल तर २०११ च्या आधीचा आणि नंतरचा काळ कधीच एका आलेखात टाकू नका.

शेवटची पडताळणी वेगळ्या वाटेने करा. तळाची हवा काहीही न मिसळता वर गेली असती तर कुठे थांबली असती, ती उंची स्तंभावरून काढा, आणि त्याच वादळाची ऐरण रडारमध्ये प्रत्यक्षात कुठे पसरली आहे ते बघा. ऐरण खाली सापडायला हवी. ज्या गटात तुमचा लॅम्डा मोठा, त्या गटात हे अंतरही मोठं असायला हवं. तसं दिसलं नाही, तर पायरी ५ चे स्तंभ पुन्हा काढा. माझ्या बाबतीत दोनदा असं झालं आणि दोन्ही वेळा मी ढगाच्या पोटातलाच स्तंभ उचलला होता.